टिंब न दिसलेला वाचक

मंगळवारी सकाळी अकरा वाजता अनसूया बेंद्रे यांच्या उजव्या फुफ्फुसातला वाचक चष्म्याचा नंबर काढायला शरयू पेंढारकरांच्या दुकानात आला.

उंची मोहरीएवढी. अनसूयाबाईंनी त्याला रुमालावर बसवून आणलं होतं. शरयूताईंनी फॉर्म काढला. सत्तावीस वर्षं डोळे तपासणाऱ्या या बाईंना अर्धवट फॉर्म अजिबात खपत नसे.

"सोबत आलेल्या बाईंशी नातं?"

"आतला," वाचक म्हणाला.

त्यांनी तसंच लिहिलं.

"प्रत्येक पेशीत एक वाचक आणि तेच एक पुस्तक असतं," तो सांगू लागला. "नखात तेच, डोळ्यांतही तेच. अक्षरं बदलत नाहीत. वरची टिंबं मात्र जागेप्रमाणे वेगळी असतात, ती पाहून आम्ही मोठ्यानं वाचायचं आणि पेशीनं ऐकायचं."

शरयूताईंचं पेन थांबलं. आपली बोटं आणि आपले डोळे एकाच पुस्तकातून कुणीतरी वाचून काढलेत, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना एकदम भरून आलं. तरी त्यांनी पुढचा रकाना विचारला.

"तक्रार काय?"

वाचकानं मान खाली घातली. "चौथ्या ओळीत 'आपल्या जागी नांद' असं होतं. मी 'नाद' वाचलं."

"तेव्हापासून पेशीला वाढायचा नाद लागलाय, ताई," अनसूयाबाई खोकत म्हणाल्या. "लिंबाएवढी गाठ झालीय. डॉक्टर काही हमी देईनात. आणि याला तरी कसं रागवू? साठ वर्षं एकही सुट्टी न घेता वाचतोय बिचारा."

शरयूताईंनी जेवण बाजूला ठेवून खसखशीएवढी भिंगं घासली. वाचकानं चष्मा चढवला, इकडेतिकडे पाहिलं आणि रडूच लागला.

"एवढी टिंबं होती?"

अनसूयाबाईंनी तोंड उघडलं. तो आत गेला.

शरयूताईंनी त्यांच्या पाठीला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग खूप खालून एक बारीक आवाज आला, "नांद." गाठीतल्या एकेका वाचकानं तो शब्द उचलला, आणि एवढ्याशा पाठीत देवळाचा सभामंडप भरावा तसा घोष भरला. शरयूताईंच्या अंगावर काटा आला.

अनसूयाबाईंनी श्वास घेतला. तो पार तळापर्यंत गेला. खोकला आला नाही.

"ताई, आता—"

"हलू नका," शरयूताई हळूच म्हणाल्या. "तो वाचतोय."