शेवंतीची पंगत

हिराबाय घोड्याचा कोंडा आधी स्वतः खाऊन बघते. चिमूटभर नव्हे, चांगला मूठभर. कल्याणच्या बाजारात एका दुकानदारासमोर तिने तो चावला, जिभेवर घोळवला आणि पिशवी परत सरकवत म्हणाली, "ह्यात भुसा हाय. तोंडाला लावून बघ, मंग भाव बोल." दुकानदाराने खरंच तोंडाला लावला. शेजारी उभ्या असलेल्या मलाही वाटून गेलं, आपणही थोडा खावा.

वर्तकनगरचा फ्लॅट मुलाच्या संसाराला मोकळा करून मी आणि बायको खडवलीला राहायला आलो, तेव्हापासून ती आमची शेजारीण. जन्मभर मी ठाण्याला कोर्टात कारकुनी केली, पण डोळ्यांवर चष्मा आणि खिशाला पेन, म्हणून तिच्या लेखी मी मास्तर. तिची सत्तरी उलटलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि समोर कोणीही असो, त्याला 'तू'. तलाठी तू, डॉक्टर तू, मी तर तूच.

तिच्या मुलाने, जनार्दनने, रस्त्यालगतची जमीन विकून तीन मजली बंगला बांधला, मोठी गाडी घेतली आणि तरी हौस उरली म्हणून एक शिंगरू आणलं. आठ महिन्यांची तांबूस घोडी, कपाळावर पांढरा ठिपका. हिराबायने नाव ठेवलं शेवंती. आणि शेवंतीने आल्या दिवसापासून अन्नाला तोंड लावायचं सोडलं.

भिजवलेले हरभरे ठेवले, तर हुंगून मान फिरवली. गाजराच्या चकत्या केल्या, त्या पायाखाली गेल्या. उभं चिरलं तेव्हा एक तुकडा खाल्ला, तोही उपकार केल्यासारखा. लसूणघासाच्या कोवळ्या शेंड्यांना नुसते ओठ लावले आणि फुर्रकन श्वास सोडला.

"बग कशी करते! लग्नातली वरमाय हाय मेली," हिराबाय म्हणाली. पण दिवसभर तिथून हलली नाही.

तिसऱ्या दिवशी बरगड्या दिसायला लागल्या. जनावरांचे डॉक्टर आले. दात बघितले, पोटाला कान लावला. "आजार काही नाही. आईपासून तुटलीय, जागा नवी. पण उद्यापर्यंत खाल्लं नाही तर अवघड आहे."

जनार्दन घाबरला. ज्याच्याकडून घेतली त्याला परत देतो म्हणाला.

"कला? कशाला परत?" हिराबाय कडाडली. "पोरगी जेवत नाय म्हनून कोन माहेरी धाडतं?"

त्या दुपारी ती स्वतःचं ताट घेऊनच गोठ्यात गेली. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. शेवंतीच्या घमेल्याला खेटून मांडी घालून बसली. कोमट पाण्यात कालवलेला कोंडा आधी आपण चाखला, मग भाकरी मोडली आणि मचमच आवाज करत जेवायला लागली. शेवंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी कुंपणापाशी खाकरलो. "मास्तर, गप उबा रा."

अर्धी भाकरी संपली तेव्हा शेवंती एक पाऊल पुढे आली. हिराबायचे केस हुंगले, ताट हुंगलं आणि हळूच तोंड घमेल्यात घातलं. हिराबाय थांबली की तीही थांबायची. मग हिराबाय पुन्हा घास घ्यायची. घमेलं रिकामं होईपर्यंत म्हातारीने तीन भाकऱ्या संपवल्या. मी कोर्टात एकापेक्षा एक वकील ऐकले आहेत. एक शब्द न बोलता कुणाचं मन वळवलेलं मात्र तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून तिची दोन्ही जेवणं गोठ्यात. ठाण्याला पुतण्याचं लग्न होतं. मोठा हॉल, पंधरा प्रकारचं जेवण. ही अक्षता टाकून, आहेर देऊन उठली. "माजी पंगत खोलंबली तिकडं." सगळे हसले. तोवर ती रिक्षात बसून गेलीसुद्धा होती.

गेल्या महिन्यात दुपारी मी त्यांचं एक पातेलं परत द्यायला गेलो. गोठ्यात शेवंती एकटीच होती. आता चांगली भरली आहे, अंग चकाकतं. तिने घमेलं चाटूनपुसून साफ केलं होतं आणि घासाची पेंढीही अर्धी संपवली होती. तेवढ्यात हिराबाय ताट घेऊन आली.

"हिराबाय, अहो ती एकटी खाते आता!" मी आनंदाने ओरडलोच. "सुटलात तुम्ही. घरात पंख्याखाली जेवा खुशाल."

तिने मागे वळून बंगल्याकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मना ठावं हाय. दिवालीपासनं खाते एकली."

"मग?"

"घरात धा मानसं, मास्तर. कोन दोनला जेवतं, कोन चारला, कोन ताट घेऊन खोलीत जातं. वाईट कोनी नाय. पन माज्या ताटाजवल कोनी बसत नाय." जरा थांबून ती म्हणाली, "जनाला बोलू नको. उगा वाईट वाटल त्याला."

मी मान हलवली. पातेलं ठेवलं, पण पाय निघेना.

"उबा कला? बस," ती म्हणाली आणि ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे धरली.

मी नुकताच घरून जेवून निघालो होतो. बसलो आणि खाल्ली.