जबाबदार माणूस

चिमणीला गाडीचं लायसन मिळालं, त्या दिवशी तिच्या आईने तिचं अभिनंदन करण्याऐवजी तिला हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये नेलं. आई तिथे बावीस वर्षं हाडं बांधत होती. तिने शेजारच्या वॉर्डातल्या तीन पोरांकडे बोट दाखवलं. पहिला पुढच्या सीटवर बसला होता, दुसरा मागून गाणी बदलत होता आणि ज्याचे दोन्ही पाय टांगलेले होते, तो चालवत होता. निघाले होते चौघं, सगळे अठरा-एकोणीसचे. चौथा घरी होता, कारण तो आधीच्या सिग्नलला भांडून उतरला होता.

घरी आल्यावर फर्मान निघालं. मैत्रिणींना गाडीत घ्यायचं नाही. अगदीच घ्यायचं झालं, तर शेजारच्या सीटवर घरातलं जबाबदार माणूस हवं.

घरातलं सर्वांत जबाबदार माणूस म्हणजे आजोबा. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना रांगेत चालायला लावलं होतं. वर्गावरून ते नुसते गेले तरी मागच्या बाकावरची कुजबूज विझायची. त्यांना स्वतःला गाडी येत नव्हती, पण त्याने काही अडत नव्हतं. त्यामुळे रविवारी दुपारी दोघी मैत्रिणींना बॅडमिंटनच्या सरावाला सोडायचं ठरलं, तेव्हा आईने सासऱ्यांना पुढे बसवलं आणि निर्धास्त मनाने ड्यूटीवर गेली.

चिमणी जपून चालवत होती. मागे उंच मैत्रीण आणि चष्मेवाली मैत्रीण पट्टे लावून, फोन पिशवीत टाकून परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या. पाच मिनिटं आजोबाही गप्प होते. मग एक स्कूटर शेजारून पुढे निघून गेली.

"तो आपल्या पुढे गेला," आजोबा म्हणाले.

चिमणीने जाऊ दे म्हटलं. आजोबांनी थोडा वेळ जाऊ दिलं. नंतर वाकून समोरच्या काट्याकडे पाहिलं.

"याच्यावर एकशे ऐंशीपर्यंत आकडे दिलेत. ते काय शोभेला आहेत?"

त्यानंतर त्यांनी रेडिओ मोठा केला, काच खाली केली आणि डावा हात बाहेर टाकून दारावर ठेका धरला. चष्मेवालीने अदबीने हात आत घ्यायला सांगितलं. आजोबांनी मान वळवून तिच्याकडे जे पाहिलं, ते पाहून तिने चष्मा काढून पुसायला घेतला.

सिग्नलला शेजारी लाँड्रीची व्हॅन येऊन थांबली. तिच्या चालकाला पांढऱ्या मिशा होत्या. त्याने सहज इकडे पाहिलं. आजोबांच्या मते ते सहज नव्हतं. दिवा हिरवा झाल्याबरोबर त्यांनी "सोड" म्हणून सांगितलं. चिमणीने सोडली नाही, तेव्हा त्यांनी स्वतः हात लांबवून हॉर्न दाबला. उंच मैत्रिणीने अखेर धीर करून सांगितलं, "आजोबा, तिला चालवू द्या ना. आम्हाला भीती वाटतेय."

"तुमच्या पिढीत दमच नाही," आजोबा म्हणाले.

स्टेडियमच्या बोळात व्हॅन पुढे होती. एका दुकानापाशी ती थांबली आणि आजोबांना संधी दिसली. "बाजूने काढ," असं म्हणत त्यांनी उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि फिरवलं. गाडी माणसाच्या चालीने फूटपाथवर चढली आणि झाडांच्या सिमेंटच्या कुंड्यांना टेकली. एक दिवा फुटला, आणि दार व कुंडी यांच्यामध्ये आजोबांची करंगळी आली. लाँड्रीवाला चादरींचं गाठोडं घेऊन दुकानात गेला. आपण शर्यत जिंकलो हे त्याला कळलंसुद्धा नाही.

करंगळी बघता बघता वांग्याएवढी झाली. जवळचं हॉस्पिटल आईचंच होतं. गाडी तिथेच सोडून केलेल्या रिक्षात आजोबांनी तिघींना काय सांगायचं ते पढवलं. कुत्रं आडवं आलं म्हणायचं. कुत्र्याचा रंग तिघींनी एकच सांगायचा, पोरं नेमकी तिथेच पकडली जातात, हा चाळीस वर्षांचा अनुभव.  गाडीची किल्ली उद्यापासून कपाटात जाणार हे चिमणीला दिसत होतं.

आईने करंगळी निरखली, तिच्यावरची कुंडीच्या सिमेंटची भुकटी पुसली, आणि मग लेकीला विचारलं, गाडी कोण चालवत होतं.

"मीच," चिमणी म्हणाली. कुत्र्याचं नाव तिने काढलं नाही.

"तपकिरी होतं," आजोबांनी मदत केली.

आई प्लास्टरची पट्टी भिजवत राहिली. लेकीच्या मनगटावर नखांचे चार ताजे ओरखडे होते. "बाबा," ती सासऱ्यांना शांतपणे म्हणाली, "डावी करंगळी गाडीच्या बाहेर होती. मग तुमचा उजवा हात कुठे होता?"

आजोबा छताकडे पाहू लागले. चिमणीही छताकडे पाहू लागली. सासऱ्यांना रागवायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून आईने केस पेपर ओढला आणि 'इजेचं कारण' या रकान्यात दोन शब्द लिहिले: 'वाईट संगत'.

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने तो कागद वाचला. बाकावर अंग चोरून बसलेल्या दोन मैत्रिणींवर त्याची नजर गेली, आणि निराशेने त्याने मान हलवली.

आजोबांनीही हलवली.