हात हलवणारे नाना

पार्ल्याच्या रस्त्याने नाना चालू लागले की टांगे थांबत. नाना त्यांना बोलवत नसत. ते फक्त हात हलवत. थेट खांद्यापासून, मागे-पुढे, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं.

नाना आमच्या चाळीतले. पोटासाठी कारकुनी, पण जीव सगळा लढाईच्या आधीच्या ऑटोमॅटिक घड्याळांत. त्यांना चावी द्यावी लागत नाही. आत एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरते. ते ज्या दांडीवर फिरतं ती झिजली की वजन झाकणाला घासतं. नाना डोळ्याला भिंग लावून नवी दांडी घडवत आणि ती पारखायला घड्याळ स्वतःच्या हातावर चढवून गावभर हिंडत.

त्यांना वेळ विचारायची सोय नव्हती. "कुणाची सांगू? वकिलांची की जोशी मास्तरांची?"

एकदा एका मयताला ते असे हात हलवत आले की घरच्यांना वाटलं, हे भांडायलाच आलेत.

'बिघडलं' हा शब्द त्यांना खपत नसे. "बिघाड नाही हो, झीज!" माझ्या सासूबाईंचे दात हलायला लागले तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं आणि वर थेंबभर तेल सुचवलं. सासूबाईंनी पुढे महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला.

एका घड्याळापुढे मात्र नाना हरले, असं सगळी चाळ म्हणे. गावठाणातला फ्रान्सिस त्यांचा शाळासोबती. बोटीच्या इंजिनावर कामाला होता, तेव्हा त्याने ते परदेशातून आणलेलं. पुढे लकवा होऊन त्याचा डावा हात लुळा पडला. नाना रोज संध्याकाळी ते घड्याळ दुरुस्तीला नेत आणि सकाळी परत त्याच हातावर बांधत. वर्ष झालं तरी दुरुस्ती संपेना.

"नाना, तुमचाच हात गंजला काय?" मी चिडवायचो. ते हसून भिंग पुसायला घेत.

मग नानांचा खांदा आखडला. मी बघायला गेलो.

"बिघाड नाही रे, झीज," असं म्हणून त्यांनी उशाखालून फ्रान्सिसचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातावर बांधलं. "सकाळी हे फिरवून त्याला नेऊन दे. हात मात्र हलव."

"पण दांडी?"

"दांडी ठणठणीत आहे. पहिल्यापासून. घड्याळ चालतंय म्हणजे आपला हात थोडा तरी हलतोय, असं तो धरून बसलाय. बंद पडलं तर खचेल रे."

वर्षभर या माणसाने चाळीचं हसू अंगावर घेतलं होतं.

तरी सकाळी रस्त्यावर आल्यावर मला लाज वाटली. हात खिशात घालून चालत गेलो आणि घड्याळ फ्रान्सिसला बांधून आलो. संध्याकाळी न्यायला गेलो तर ते दुपारीच बंद पडलेलं.

फ्रान्सिसने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उद्या जरा जोरात हलव रे," तो म्हणाला. "इंजिनात जन्म गेला माझा, मला काय कळत नाय? पण नान्याला सांगू नको हां. खचेल तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासाठी टांगा थांबला.