दिवसा झोपणाऱ्यांचे तांबेकाका

माझं पहिलं पुस्तक मी सगळ्यांसाठी लिहिलं. साबण घरी कसा करावा, मृत्युपत्र कसं लिहावं, मधुमेहात काय खावं, कुंडीतला कढीपत्ता का जगत नाही, सगळं एकाच पुस्तकात. ते कोणीच घेतलं नाही. गठ्ठे आमच्या पलंगाखाली आहेत. केर काढताना बायको म्हणते, "तुमची पिल्लं जरा सरकवा."

दुसरं पुस्तक घेऊन उल्हासनगर कॅम्प चारमधल्या छापखान्यात गेलो, तर मालक हरीशशेठनी ते उघडलंसुद्धा नाही. "लेखकसाब, पढेगा कौन? एक आदमी बताओ. तो सांगा, मगच छापतो." वर एक पातळ पुस्तिका हातात ठेवली : 'रात्रपाळीनंतरची झोप', लेखक वि. ना. तांबे. "चौथी बार छाप रहा हूँ. जाके सीखो इनसे."

तांबेकाका बदलापूरला मांजर्लीत राहतात. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत त्यांचा सगळा जन्म रात्रपाळीत गेला. दाराला बेल नाही, पाटी आहे : 'दणकून वाजवा.' मी वाजवलं. आत रेडिओ चालू, टीव्ही चालू, कुकरच्या शिट्ट्या. सकाळचे अकरा.

"या, या! बिनधास्त खुर्ची ओढा, आवाज होऊ दे!"

पुस्तिका मी वाटेत वाचली होती. खिडकीला काय लावावं, भंगारवाल्याच्या आरोळीचं काय करावं, घरी आल्यावर चहा घ्यावा का (घेऊ नये). मी आपला शहाणपणा पाजळला. "काका, विद्यार्थ्यांची झोप घाला, म्हाताऱ्यांची घाला, बाळंतिणीची घाला. खप वाढेल."

"बाळंतीण? आपलं डिपार्टमेंट नाही."

"निदान घोरण्यावर एक प्रकरण?"

"आपलं डिपार्टमेंट नाही!" काकांनी चष्मा काढला. "माझा माणूस सकाळी गेटमधून बाहेर पडतो आणि शेअर रिक्षात शेजारच्याच्या खांद्यावर डुलक्या घेतो. मी फक्त त्याच्याशी बोलतो. तुमचा माणूस कुठाय?"

माझा माणूस कुठेच नव्हता. मी विषय बदलला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : 'बाप झोपला म्हणून पोरांना गप्प बसवू नका. कापूस बापानं स्वतःच्या कानात घालावा.'

"हे झोपेच्या पुस्तकात कशाला?"

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी धावत जाऊन रेडिओ बंद केला, टीव्ही बंद केला, गॅससुद्धा. पुण्याची मुलगी होती. फोन स्पीकरवर, तरी मला एक शब्द कळेना.

"मोठ्यानं बोल गं, बाळा. मी जागा आहे."

"मोठ्यानंच बोलतेय, बाबा," फोन कुजबुजला.

काकांनी फोनवर हात ठेवला. "दहावीपर्यंत घरात चवड्यांवर चालली ही. मला वाटायचं, किती गुणी पोर. झोप चांगली व्हायची माझी." मग बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले.

आणि नेमका तेव्हाच मला माझा माणूस सापडला. मी ताडकन उठलो. "काका! रात्रपाळीवाल्यांची मुलं! त्यांच्यासाठी कोणीच लिहिलेलं नाही! मी लिहितो!"

"बाबा, कोण ओरडतंय?" फोनमधून बारीक आवाज आला.

"लेखक आहे," काका म्हणाले. "स्वतःच्या डोक्यात काही सापडलं नाही, म्हणून आपल्या घरात हुडकतोय."