पॅनेलचा सहावा अर्थ

दिनकरपंतांच्या हाती एखादा इंग्रजी शब्द पडला की ते तो चारी बाजूंनी फिरवून बघत. बायका वांगं किडकं आहे का बघतात ना, अगदी तसे. मग चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कोणत्या अर्थी?"

नाशिकला कोर्टाच्या कचेरीत आम्ही दोघे भाषांतराच्या खोलीत समोरासमोर बसत असू. ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या सालांतली. पंत जेमतेम मॅट्रिकपर्यंत गेलेले, पण नोकरीत पंचवीस वर्षं मुरलेले. मी पुण्याहून नवा बी.ए. होऊन आलो होतो. पंतांना माझ्या पदवीचा मोठा आदर. मला ते नावाने हाक मारतच नसत. "अहो बीए, जरा इकडे बघता?" असं म्हणून कागद पुढे सरकवत. मला त्यांचा कंटाळा येई. तो मी लपवतही नसे, हे आधीच कबूल करून टाकतो.

त्यांची एक वही होती, खतावणीसारखी लांबट. एका इंग्रजी शब्दाला एक पान. 'डेक'च्या पानावर आगबोटीचा मजला होता, पत्त्यांचा जोड होता, शिवाय 'सजवणे' हेही होतं. 'पॅनेल'चं पान तर भरत आलं होतं. दाराच्या चौकटीत बसवतात ती फळी, वकिलांची यादी, खटल्यात न्यायाधीशाशेजारी बसून मत सांगणाऱ्या असेसरांची यादी, घोड्याच्या खोगिराखालची गादी. पाचवा अर्थ त्यांनी गोऱ्या पलटणीच्या कँपातल्या शिंप्याकडून आणला होता. मडमांच्या झग्याला मधोमध वेगळ्या कापडाची पट्टी लावतात, तीही पॅनेलच. तो अर्थ मिळाला त्या दिवशी पंतांनी आम्हां सगळ्यांना चहा पाजला.

एकदा जज्जसाहेबाची चिठ्ठी आली, 'सोमवारपूर्वी पॅनेल बदलावे.' आम्ही कारकून लगेच कामाला लागलो. असेसरांची जुनी यादी रद्द, नवी तयार, निफाड, सिन्नर, सटाणा सगळीकडे समन्स लिहायला घेतली. पंतांनी चष्मा वर चढवला. "कोणत्या अर्थी?"

"पंत, कोर्टात पॅनेल म्हणजे दुसरं काय असणार?" मी म्हणालो. सगळे हसले.

पंत उठले आणि सरळ साहेबाच्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी परत येऊन शांतपणे म्हणाले, "सुताराला बोलवा. साहेबांच्या पाठीमागच्या दाराची फळी तडकली आहे. वारा येतो."

त्या फळीसाठी करीममिस्त्री आले. जुन्या नाशकातले सुतार. त्यांची आणि पंतांची ओळख फार पूर्वीची. मिस्त्रींचा एकुलता मुलगा युसुफ मुंबईला जाऊन आगबोटीवर डेकखलाशी झाला होता आणि पुढे विलायतेतल्या एका बंदरात उतरून तिथेच कारखान्यात लागला होता. मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती. युसुफची पत्रं मराठीत येत आणि ती पंत वाचून दाखवत. विलायतेचं टपाल शनिवारी येई. शनिवारी पंत न चुकता दाढी करून येत. पंचवटीत एका खोलीत ते एकटे राहत, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. टपालवाला त्यांच्यासाठी म्हणून कधी थांबल्याचं मी पाहिलं नाही.

अशाच एका शनिवारी मिस्त्री आले. उंबऱ्याच्या आत येण्याचा त्यांना संकोच वाटे, म्हणून ते अंगणातल्या लिंबाखाली बसत आणि पंत बाहेर जात. या वेळी मात्र पंत पाकीट घेऊन आत आले. पत्र इंग्रजीत होतं. युसुफ जिच्या घरी राहत होता त्या मडमेने लिहिलेलं.

पत्र लहानसं होतं. युसुफ सहा आठवडे पॅनेलवर आहे, काळजी करू नये. लवकरच तो पुन्हा डेकवर दिसेल अशी आम्हां सर्वांना आशा आहे. आईचे दोन शब्द आले तर त्याला फार बरं वाटेल.

पंतांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो बीए, हे पॅनेल कोणत्या अर्थी?"

"अहो, यादीत नाव आलं त्याचं. कामगारांची कमिटी वगैरे असेल. बढती म्हणा. आणि डेकवर म्हणजे आगबोटीवर. घरी यायला निघतोय."

"मग काळजी करू नये असं का लिहिलं?"

"रीत असते ती लिहिण्याची."

"आणि त्याने स्वतः का नाही लिहिलं?"

"मोठा माणूस झाला पंत. आता दुसऱ्याकडून लिहवून घेतो." खोलीत हशा झाला. तो ऐकून मला आणखी चेव आला. "तुमच्या वहीत शिंप्याने सांगितलेला अर्थ आहे ना, तो लावून बघा. युसुफ झग्यावर बसलाय म्हणावं."

पंत हसले नाहीत. "वहीतला एकही अर्थ इथे बसत नाही," एवढंच म्हणाले.

"मग मी सांगतो तो बसवा. म्हातारा केव्हाचा बाहेर ताटकळतोय."

पंत गेले. मी खिडकीतून बघत होतो. त्यांनी अडखळत काहीतरी सांगितलं. मिस्त्रींनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत शेव-बत्तासे वाटले गेले. सोमवारी आमच्या खोलीतही एक पुडा आला आणि त्यातला मोठा वाटा मी खाल्ला. युसुफच्या आईने पंतांकडून पत्र लिहवून घेतलं. तुझी बढती ऐकून जीव सुखावला, तुझ्यासाठी सिन्नरची मुलगी पाहिली आहे, आता लवकर ये. मिस्त्रींनी मुलाच्या खोलीसाठी नवं दार करायला घेतलं.

पंतांना मात्र चैन नव्हतं. कचेरीतले दोन्ही कोश त्यांनी पालथे घातले. मग मिशनच्या दवाखान्यात एक इंग्रज नर्सबाई होत्या, त्यांना विचारायला ते रविवारी पायी गेले. बाई सुरगाण्याच्या बाजूला गेलेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. तिसऱ्या रविवारी भेट झाली.

सोमवारी पंतांनी मला दप्तरखान्यात बोलावलं. आत आम्ही दोघेच.

"अहो बीए, सहावा अर्थ मिळाला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तिकडे कामगारांच्या आजारपणासाठी सरकारी विमा असतो. प्रत्येकाचं नाव कुठल्यातरी डॉक्टराच्या यादीत. ती यादी म्हणजे पॅनेल. माणूस पॅनेलवर आहे म्हणजे आजारी आहे, काम बंद आहे. आणि पुन्हा डेकवर दिसेल म्हणजे हिंडूफिरू लागेल. बाईंनी वाक्य ऐकल्याबरोबर मला विचारलं, कोण आजारी आहे?"

आणि मी काय म्हणालो असेन? "हा काही ग्रंथांतला अर्थ नव्हे. बोलीतला आहे."

"हो, बोलीतलाच," पंत म्हणाले. "मी मिस्त्रींकडे सांगायला निघालोय. येता?"

"माझं एक भाषांतर साहेबांना हवंय."

तसं काही भाषांतर नव्हतं. पंत एकटे गेले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले ते लिंबाखाली थांबले नाहीत. चपला बाहेर काढून सरळ आत आले आणि पंतांच्या टेबलासमोर उभे राहिले. आवाज चढलेला नव्हता, पण खोलीतल्या सगळ्या लेखण्या थांबल्या.

"पंत, कळत नव्हतं तर कळत नाही म्हणायचं होतं. मी काय राग धरला असता? माझं पोर तिकडं खाटेवर पडलं, आन मी इकडं बत्तासे वाटले. त्याची आई कालपासून जेवली नाय."

"चुकलं माझं, मिस्त्री," पंत म्हणाले.

मी तीन हातांच्या अंतरावर बसलो होतो. पंतांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. ती वळवली असती तर कदाचित मी उठलो असतो, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेव्हा मी दौतीत लेखणी बुडवली, झटकली आणि पुन्हा बुडवली.

मग मिस्त्री माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही बीए आहात. आता पोराला खत तुम्हीच लिहा. पंतांचं वय झालं."

पंत उठले, कोनाड्यातला लोटा घेतला आणि पाण्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

मिस्त्री सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. बेटा, कसा आहेस, कुठे दुखतंय, अंगावर घ्यायला आहे का, आई रोज दुवा मागते. शेवटी म्हणाले, "लिहा, का मडमेचं खत वाचताना पंतांची चूक झाली. आमच्यावर राग धरू नको."

माझा हात थांबला. मग मी लिहिलं, 'मडमेच्या पत्राचा अर्थ पंतांनी नव्हे, मी चुकीचा सांगितला. हे मी, या पत्राचा लेखक, तुला लिहीत आहे. तुझ्या वडिलांना ते ठाऊक नाही.'

"वाचून दावा," मिस्त्री म्हणाले.

आणि मी ती ओळ त्यांनी सांगितली होती तशी वाचली.

सात-आठ आठवड्यांनी युसुफचं उत्तर आलं, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. मिस्त्री थेट माझ्या टेबलाशी आले. पंत लोटा घेऊन बाहेर गेले. मी वाचू लागलो. ताप उतरला होता, छातीत अजून दुखत होतं. पुढे होतं, 'आईचं पहिलं पत्र मिळालं तेव्हा मी अंथरुणात होतो. त्यात सिन्नरची मुलगी होती, माझ्या दुखण्याबद्दल एक शब्द नव्हता. घरचे माझ्यावर रुसले असं वाटलं. मडमेने भरवलं तरी दोन दिवस घास उतरला नाही. मग दुसरं पत्र आलं.'

हे मी वाचलं. ते वाचण्याची शिक्षा मला भोगायलाच हवी होती. पण त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. 'पत्र लिहिणाऱ्या साहेबांना सलाम. त्यांनी मला कळवलं ते अब्बांना तोंडाने सांगावं. पंत मला लहानपणापासून ओळखतात.'

त्या ओळी मी गिळल्या. "बाकी सलाम-दुवा," म्हणालो. मिस्त्री डोळे पुसून गेले. उत्तर लिहायला हवं म्हणून पत्र माझ्यापाशीच ठेवून गेले.

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाली. पंत डबा न उघडता बसले होते. त्यांना पोराची खुशाली हवी होती आणि विचारायचा त्यांना हक्क उरला नव्हता. मी पत्र नेऊन त्यांच्यासमोर ठेवलं. वरून खालपर्यंत ते ओठ हलवत वाचत गेले. शेवटच्या दोन ओळींवर ओठ थांबले. कागद त्यांनी होत्या त्याच घड्यांवर पुन्हा दुमडला.

"हे मिस्त्रींना वाचून दाखवलंत?"

"हो."

"सगळं?"

"आज संध्याकाळी जाऊन सांगतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

पंतांनी पत्र माझ्या हातात दिलं. "आत्ता नको," ते म्हणाले. "माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडाला. आता तुमच्यावरचाही उडाला, तर त्या पोराची पत्रं वाचणार कोण? तो पुरता बरा होऊ दे. मग सांगा."

पुढल्या वर्षी युसुफ बरा झाला. त्याच सुमारास पंत पेन्शन घेऊन गेले. मिस्त्री मात्र माझ्याकडे येत राहिले आणि मी त्यांना युसुफची पत्रं वाचून दाखवत राहिलो. दर वेळी सांगायचं ठरवलं. सांगितलं मात्र एकदाही नाही.