मानोजीअण्णा आणि चाकांवरची चूल

मानोजीअण्णा बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नसत, नाकाकडे बघत. तुम्ही नळाच्या पाण्याबद्दल बोला, नाहीतर मुलांच्या शाळेबद्दल, त्यांची नजर तुमच्या नाकपुड्यांवरून हलायची नाही. पहिल्या भेटीत मला वाटलं, नाकाला काहीतरी लागलंय. मी दोनदा रुमाल फिरवला. तरी ते बघतच होते, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तसे. नंतर सवय झाली, असं म्हणायची पद्धत आहे. मला झाली नाही.

मी मूळचा सोलापूरचा. नव्वद सालानंतर लगेचच बदली होऊन बंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात आलो. मुलांची शाळा अर्ध्यात मोडायला नको म्हणून बायको-मुलं सोलापुरातच राहिली, आणि मी यशवंतपूर स्टेशनच्या मागच्या गल्लीत अण्णांच्या वरच्या खोलीचा भाडेकरू झालो. घरमालक पगार विचारतात, मटण खाता का विचारतात. अण्णांनी विचारलं, "सारखी सर्दी असते काय तुम्हाला?" नाही म्हटल्यावर त्यांनी तीन डब्या आणून एकेक माझ्या नाकाखाली धरली. हिंग, रॉकेल, कडुनिंबाचं तेल. मी तिन्ही वास ओळखले. मग त्यांनी गाव विचारलं. सोलापूर म्हणताच ते आत गेले, बंद दाराआड कुणाशी तरी हळू आवाजात बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, "सरी. उद्यापासून राहा." खोली मिळाली, पण आपण परीक्षा कसली दिली हे काही कळलं नाही.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. मराठी घरात टिकली, पण तिच्यात 'थोडं'चं 'स्वल्प' झालं आणि 'ठीक'चं 'सरी'. कुलदेवी मात्र तुळजापुरातच राहिली. तिच्या दर्शनाला घराण्यातलं कुणी गेल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. अण्णांची थोरली बहीण, अक्का, हिची तेवढी एकच इच्छा उरली होती. अक्का सत्तरी ओलांडलेल्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा याच बहिणीनं अण्णांना वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, आणि अण्णांचंही राहूनच गेलं.

अडचण एकच, पण ती जबरदस्त होती. अक्का स्वतःच्या हातानं रांधलेलंच खात. हॉटेल नाही, रेल्वेतलं नाही, नातेवाइकांकडचंसुद्धा नाही. रॉकेलच्या स्टोव्हनं त्यांना खोकल्याची उबळ येई. केळी खाऊन चला म्हटलं, तर म्हणाल्या, देवीकडे उपाशी तोंडानं जायचं नसतं. तेव्हा अण्णांनी ठरवलं की अक्का चुलीपासून लांब जात नसेल, तर चूलच अक्काबरोबर जाईल. त्यांनी एक जुनी मेटॅडोर घेतली आणि तिच्यात गॅसची शेगडी बसवायला घेतली. मी राहायला गेलो तेव्हा या कामाला चार वर्षं झाली होती.

एवढं वाचून तुम्हाला हे हौशी माणसाचं मजेदार वेड वाटेल. मलाही वाटलं असतं, पण मी गाडी आधी पाहिली आणि कारण मागाहून कळलं.

ती मागच्या अंगणात बटरफ्रूटच्या, म्हणजे ॲव्होकाडोच्या, झाडाखाली उभी असे. पूर्वी ती एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स होती. अण्णांनी तिला पिवळट रंग दिला होता, पण दव पडलं की रंगाखालून लाल फुली वर यायची आणि ऊन चढलं की नाहीशी व्हायची. खिडक्यांना दुधी काचा. गल्लीतली कुत्री तिच्या सावलीत बसत नसत. पहिल्या रविवारी दुपारी मी वरून पाहिलं, तर मागचं दार अर्धं उघडं होतं आणि आत स्ट्रेचरच्या जागी केलेल्या बाकावर दोन पाय दिसत होते. म्हाताऱ्या बाईचे, कोरडे, बोटं वर करून अगदी स्थिर. मी बराच वेळ बघत राहिलो. पाय हलले नाहीत. गाडीच्या पोटाखालून धुराची एक बारीक रेघ जमिनीवर उतरत होती. ती विरली, आणि बऱ्याच वेळानं बघितलं तर बाहेर उकिडवे बसलेले अण्णा एका काचेच्या नळीतल्या लालभडक पाण्याकडे टक लावून बघत होते. मग ते गाडीच्या दिशेनं म्हणाले, "अक्का, वास?"

आतून आवाज आला, "ना."

मी खिडकी लावून घेतली. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला होता. गल्लीतल्या बायकांचं तर ठाम मत होतं की अण्णा त्या गाडीत गेलेल्या माणसांना बोलावतात. कुंकवाचं पाणी, उदबत्तीचा धूर, अंगभर पांढरं लुगडं नेसलेली बाई, आणि प्रश्नाला एका अक्षराचं उत्तर. यापेक्षा जास्त पुरावा कोण मागतो? दूधवाला दूध फाटकावरच ठेवून जायचा.

खरा प्रकार अण्णांनी मला पुढे समजावून सांगितला, माझ्या नाकाकडे बघत. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो. म्हणून गाडीच्या मागच्या टोकाला त्यांनी पत्र्याचं एक कपाट केलं होतं. त्याचं दार फक्त बाहेरून उघडे, आतल्या बाजूला फटसुद्धा नव्हती, आणि तळाला मुठीएवढं भोक होतं. पुन्हा भरून मिळणाऱ्या, पाच-पाच किलोच्या दोन बुटक्या टाक्या त्यात पट्ट्यांनी आवळून उभ्या राहायच्या. एक चालू, एक राखीव. चालू टाकीवर रेग्युलेटर, तिथून नळी शेगडीला. टाक्या लांब नेऊन ठेवायच्या आणि मग कपाटात उदबत्ती धरायची. धूर भोकातून खाली उतरला तर उद्या चुकून सुटलेला गॅसही तिथूनच उतरेल. आणि लाल पाणी? इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या नळीत कुंकू कालवलेलं पाणी, तिचं एक तोंड गॅसच्या नळीला जोडलेलं. नळीत गॅस भरून टाकी बंद करायची आणि पाणी बघत बसायचं. पाणी जागचं हललं नाही, तर कुठे गळती नाही.

"पाण्याला लाज नसते. जे आहे ते सांगतं," अण्णा म्हणत. माणसांवर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता.

मग अक्का आत कशाला? तर अक्का म्हणजे या सगळ्या यंत्रणेचं नाक. पाणी झालं, साबणाचा फेस झाला की शेवटी टाकी पुन्हा उघडून अक्कांना विचारायचं. आणि आडव्या का? गॅस खाली बसतो ना, म्हणून नाक खाली हवं. अक्का तासन्‌तास तशा पडून राहत आणि विचारलं की 'ना' म्हणत. हे चार वर्षं चालू होतं. दर वेळी सगळं बरोबर निघे आणि दर वेळी अण्णा दुसऱ्या दिवशी सगळं खोलून पहिल्यापासून बसवत. कधी वॉशर बदलायचा, कधी नळी नवी, कधी रेग्युलेटर. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मला माहीत होतं. हे पाणीसुद्धा फुंकत होते, आणि त्यांचं तोंड कुठं पोळलं ते मला कळत नव्हतं.

एका रविवारी अक्कांनी मला आत बोलावलं. बाकाच्या कडेला बसायला सांगितलं आणि सोलापूरहून तुळजापूर किती लांब, देवीची पायरी उंच आहे का, असं विचारत राहिल्या. दुधी काचेतून येणाऱ्या उजेडात त्यांचा चेहरा रक्त नसल्यासारखा दिसत होता. तेवढ्यात मला वास आला. कुजक्या कोबीचा, पायांपाशी, मग गुडघ्यांपाशी. बाहेरून अण्णांनी विचारलं, "अक्का, वास?"

अक्कांनी माझ्याकडे बघत शांतपणे सांगितलं, "ना."

मी उडी मारली ती कपाळ दाराच्या चौकटीवर आपटूनच. अक्कांना हात धरून बाहेर ओढलं. कपाटापाशी अण्णा टाकीची चावी आवळून उभे होते. लाल पाणी बोटभर उतरलं होतं. टाकी बंद केल्याशिवाय पाणी उतरत नाही, म्हणजे त्यांनी 'ना' ऐकायच्या आधीच चावी फिरवली होती. ते माझ्या नाकाकडे बघत होते. नवीन वॉशर चिरलेला निघाला, एवढंच झालं होतं.

त्या संध्याकाळी अण्णांनी टाक्या, नळी, शेगडी सगळं काढून कोठीत टाकलं. तुळजापूर रद्द. आठ दिवस गाडीचं दार उघडलं नाही. नवव्या दिवशी अक्कांनी मला जिन्यात गाठलं.

"त्याला वास येत नाही, तम्मा," त्या म्हणाल्या. धाकट्या भावाला म्हणतात तसं मला तम्मा म्हणायच्या. "बर्फाच्या कारखान्यात होता ना फिटर, तिथं अमोनियाचा पाइप फुटला. तेव्हा गेला. मला सांगितलं नाही त्यानं. मला कळणार नाही काय?"

मी विचारलं, मग तुम्ही 'ना' का म्हणालात? त्या स्वल्प हसल्या. त्यांचंही नाक कधीच गेलं होतं, वयानं. पण तसं सांगितलं असतं तर अण्णा कधीच निघाले नसते, आणि अक्कांना मरायच्या आधी देवी बघायची होती.

मी तसाच खाली अण्णांकडे गेलो. खरं तर भांडायला गेलो होतो. म्हटलं, अक्कांना वास येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. ते म्हणाले, दोन वर्षांपासून. मग विचारता कशाला? अण्णा पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडे बघून बोलले. "नाही विचारलं तर तिला वाटेल, आता आपलं काही काम नाही. मग ती झोपूनच राहील, सोलापूरकर. उठणार नाही." मग म्हणाले, "इथं पाणी बघतो मी. रस्त्यात गाडी हादरणार. नट सैल होणार. मला कळायच्या आधी ती गेलेली असेल, माझ्या शेजारी, मी बसवलेल्या गॅसनं. तिनं मला आईसारखं वाढवलं."

मला माझीच लाज वाटली. हा माणूस चार वर्षं दर रविवारी आपल्या बहिणीचा मृत्यू डोळ्यांसमोर आणून बसत होता, आणि आम्ही त्याची भुताटकी म्हणून टिंगल करत होतो. मी म्हटलं, दिवाळीला मला घरी जायचंच आहे. गाडीत जागा असेल तर रेल्वेचं तिकीट काढत नाही. अण्णा माझ्या नाकाकडे बघून म्हणाले, "सर्दी व्हायला नको." कोठीतली शेगडी पुन्हा गाडीत बसली, आणि नंतरचे पंधरा दिवस मला दही बंद होतं.

आम्ही तुळजापूरला तिसऱ्या दिवशी पोचलो. अक्कांना दर्शन झालं, सगळ्यांना होतं तसंच, गर्दीत आणि अर्धा मिनिट. त्या रडल्या नाहीत, देवीला 'उशीर झाला' एवढंच म्हणाल्या. पण माझ्या लक्षात राहिला आहे तो पहिला थांबा. शिरा गावाच्या पुढे रस्त्याकडेला चिंचांची रांग लागते. दुपारची वेळ होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं आणि पानही हलत नव्हतं. अण्णांनी पाणी बघितलं, फेस लावला, मला गाडीत आडवं पाडून दहा मिनिटं श्वास घ्यायला लावला. मी उठून नाही म्हणून मान हलवली. तरी ते काडेपेटी देईनात. अक्का हात पुढे करून उभ्या, आणि हे ती मुठीत घट्ट धरून. शेवटी अक्कांनी त्यांची बोटं एकेक करून उघडली, लहान मुलाच्या हातून विळी काढून घेतात तशी, आणि काडी ओढली. निळी ज्योत गोल फिरून स्थिर झाली. अण्णा उतरले आणि चिंचेखाली आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. अक्का म्हणाल्या, त्याला बसू दे, भूक लागली की येईल.

अक्कांनी पिठलं केलं. ते तळाला लागलं, चांगलं काळं होईपर्यंत करपलं, आणि त्या आपल्या डाव फिरवत राहिल्या. मला वास येत होता, पण पिठल्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं. अण्णा आले, जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि डोळे पुसत म्हणाले, "अक्काच्या हाताची चव कुठं नाही." अक्कांनी तान्ह्या बाळाचं कौतुक ऐकावं तसं ते ऐकलं. किती वर्षं ही दोघं असं करपलेलं खाऊन एकमेकांना असं सुखी करत होती, कोण जाणे. मग दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, अजून वाढा.