नंदीचा डावा कान

आमच्या पुंडलिककाकांच्या उजव्या हाताला चालायची गावात कोणाची टाप नाही. रस्ता कितीही मोकळा असो, काका नालीच्या कडेकडेनं चालणार आणि उजवीकडं एका माणसाची जागा सोडणार. त्या जागेत तुम्ही पाऊल टाकलं की काका जागीच थांबतात. म्हणतात, "मले डाउट येऊन राह्यला." कसला डाउट, ते काही सांगत नाहीत. आपण मुकाट्यानं मागं व्हायचं.

काका एसटीत तिकीट तपासायचे. नोकरीतून रिटायर झाले, पण तपासणी काही रिटायर झाली नाही. बस सुटली आणि आमचं महादेवाचं देऊळ त्यांच्या तावडीत सापडलं. पुसद रोडवरचं हे काळ्या दगडाचं जुनं देऊळ. सकाळपासून काका पायरीवर. दर्शनाला येईल त्याला पहिला सवाल, "कुठून चढले?" एकदा उमरखेडहून आलेल्या एका नव्या जोडप्याला त्यांनी इतकं खोदून खोदून विचारलं, की त्या बिचाऱ्यांनी मोबाइलमधला लग्नाचा फोटो काढून दाखवला. काकांनी फोटोवरही संशय घेतला. बेलाच्या तीन पानांतलं एक फाटकं निघालं, की ते बाजूला. "हे हाफ तिकीट हाय. देवाले चालत नाही." पुजाऱ्यानं प्रसादाचा पेढा दिला, तर त्याच्यासमोर तो मोडून आत बघतात. आत पेढाच असतो. त्यामुळं त्यांना जास्तच संशय येतो.

हे सगळं हसण्यावारी नेणारं एकच माणूस होतं, त्यांची बायको. विमलकाकू उजव्या कानानं ठार बहिऱ्या होत्या. काका डाव्या कानात काहीबाही शंका सांगायचे आणि काकू म्हणायच्या, "तुमचा तं सूर्यावरही डाउट हाय." दोन वर्षांमागं त्या गेल्या. तेव्हापासून काकांचा दुपारचा पहारा देवळाच्या पायरीवरून थेट नंदीपाशी सरकला.

आमच्या नंदीला उजवा कान नाही. जुने लोक सांगतात, एका चोरानं त्याच्या उजव्या कानात देवळातल्या धनाचा पत्ता विचारला. नंदीला इतका राग आला, की त्यानं तो कान स्वतःच झटकून पाडला. तेव्हापासून नवस बोलायचा तो डाव्या कानात. बोलताना उजवीकडच्या तुटक्या जागेवर तळहात दाबून धरायचा, नाहीतर बोललेलं तिकडून सांडतं. पोरंबाळं, म्हातारेकोतारे, सगळे असंच करतात.

आता नवस बोलायला कितीसा वेळ लागतो? काका मात्र रोज दुपारी, देऊळ रिकामं झालं, की अर्धा अर्धा तास नंदीच्या कानाला तोंड लावून बसायचे. कोणी आलं की गप्प. गावात कुजबुज सुरू झाली, नंदीखाली गुप्तधन आहे आणि म्हाताऱ्याला ठिकाण लागलंय. मी देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटायचं.

त्यात मीच कमिटीत विषय काढला होता, की हा तुटका नंदी हापशीमागं ठेवू आणि संगमरवराचा नवा बसवू. दोन्ही कान शाबूत असलेला. माझा साळाच देणार होता. हे कळलं आणि काका माझ्या दारात.

"नंदी हालवू नको."

"काहून?"

"मले डाउट येऊन राह्यला."

"कसला, ते तं सांगा."

काकांचं पुन्हा तेच, "नंदी हालवू नको." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या डाउटवर देऊळ चालत नाही काका. रविवारी सभा हाय, तिथं बोला." ते वळले. फाटक उघडंच टाकून घाईघाईनं देवळाकडं गेले. माझी खात्रीच पटली. धनाशिवाय माणूस इतका घाबरत नाही.

शनिवारी दुपारी मी सभामंडपात खांबामागं दडलो. नंदीच्या उजव्या बाजूला. वय पन्नास, कमिटीचा सेक्रेटरी, आणि चपला हातात. काका आले, चौफेर बघितलं, तुटक्या कानावर तळहात दाबला आणि डाव्या कानाशी वाकले.

"आज भेंडी आणली. निबर निघाली. तू असती तं हातच लावू दिला नसता. सुनेचा फोन आलता. गुडघ्याचं सांगितलं नाही मी तिले."

मग तळहात आणखी घट्ट दाबला.

"आयकून राह्यली ना, विमल? उद्या मिटिंग हाय. याले मांगं नेऊन टाकतो म्हणते. नव्याले दोन कान हायेत. तुले तं एकच होता. मंग मी तुह्याशी कुठं बोलू?"

मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथल्या तिथं खांबात शिरावंसं वाटलं. काकू रस्त्यानं नेहमी नवऱ्याच्या उजव्या हाताला चालायच्या, म्हणजे त्यांचा ऐकू येणारा कान त्याच्याकडं राहायचा. त्या गेल्या तरी काका ती जागा सोडूनच चालत होते. आणि आम्ही गाढव नंदीखाली धन शोधत होतो.

तेवढ्यात हातातली चप्पल पडली. काका वळले. डोळे लाल, पण नजर तपासणीचीच.

"कायले उभा हाय तिथं? काय आयकलं?"

"काही नाही काका. मी उजवीकडं होतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तळहाताखालच्या तुटक्या कानाकडं. 

"तिकडून आयकू येत नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही येत," मी म्हटलं.

रविवारी सभेत मीच उभा राहिलो आणि म्हटलं, नवा नंदी नको. साळा तडकला. "काहून? तुम्हीच तं मांगितला होता."

"मले डाउट येऊन राह्यला," मी म्हटलं.

कसला, ते सांगितलं नाही. काका कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते.

सभा सुटल्यावर आम्ही दोघं सोबतच घराकडं निघालो. रस्ता चांगला रुंद होता. मी नालीच्या कडेकडेनं त्यांच्या मागून चाललो.